कोंबडीच्या पोटातली बेटं

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी कोंबडीचं स्वादुपिंड बहुधा पाहिलेलं नसतं. इथल्या सुपरमार्केटात कोंबडी मिळते ती प्लास्टिकखाली गुलाबी छातीचे तुकडे होऊन. आपल्याकडे चिकनवाला डोळ्यांसमोर कोंबडी साफ करतो, पण तोही कलेजी बाजूला ठेवतो आणि आतडी बादलीत टाकतो. त्या बादलीतच ते असतं. कोंबडीचं लहान आतडं जठरातून निघालं की लगेच इंग्रजी 'यू' अक्षरासारखं वळतं. त्या वळणाच्या दोन भुजांमध्ये एक फिकट, पिवळसर गुलाबी, चिंचोळी पट्टी चिकटलेली असते. तेच स्वादुपिंड. खायच्या कामाचं नाही, म्हणून कोणी त्याकडे बघत नाही.

या पट्टीकडे बघणाऱ्या काही माणसांची ही गोष्ट आहे. तिच्यात कोणती पेशी कोणतं रसायन साठवते, हे ओळखायला त्यांना शंभराहून जास्त वर्षं लागली. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल, आणि मराठी घरात तो नसणं आता अवघडच, तर ही गोष्ट तुमच्याही घरातली आहे असं समजा.

गोष्ट आर्नहेममधून सांगतो, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण कोंबडीचं. आर्नहेम ही गेल्डरलँड प्रांताची राजधानी, आणि हा प्रांत डच कोंबडीचं माहेर. चॉकलेटी रंगाची अंडी देणारी बार्नेव्हेल्डर कोंबडी ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते बार्नेव्हेल्ड याच प्रांतात. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांच्या लुळ्या पडलेल्या पायांवरून बेरीबेरीचा माग काढणारे आणि त्याबद्दल 1929 साली नोबेल मिळवणारे क्रिस्टियान आइकमान यांचा जन्मही इथलाच, नाइकेर्क गावचा. दुसरं कारण इन्शुलिनचं, ते पुढे येईलच.

आधी थोडं मागे जाऊ या, 1641 साली, इटलीतल्या पादुआत. तिथे मोरिट्झ हॉफमान नावाचा जर्मन विद्यार्थी शरीररचना शिकत होता. एका कोंबड्याचं पोट उघडताना त्याला स्वादुपिंडातून आतड्याकडे जाणारी बारीक नळी दिसली, असा त्याचा दावा होता. त्याने ती योहान विर्सुंग यांना सांगितली. विर्सुंगनी पुढच्या वर्षी, 1642 मध्ये, माणसाच्या मृतदेहात तीच नळी शोधली, तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि त्याच्या प्रती युरोपातल्या जाणकारांना पाठवून विचारलं, ही आहे तरी काय? त्यांना उत्तर मिळालंच नाही. 1643 मध्ये पादुआत त्यांचा गोळी घालून खून झाला. नळीला नाव विर्सुंगचं मिळालं, आणि कोंबड्याला अर्थातच काही मिळालं नाही.

नळीतून काय वाहतं हे पाहिलं एका डच तरुणाने. रेनिएर द ग्राफ यांनी 1664 साली लायडनला स्वादुपिंडाच्या रसावर प्रबंध लिहिला, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडातून रस बाहेर काढायला त्यांना अतिशय बारीक, पोकळ आणि न सडणारी नळी हवी होती. त्या काळी रबर नव्हतं, काचेची इतकी बारीक नळी टिकत नसे. त्यांनी रानबदकाच्या पिसाचा देठ वापरला. पक्ष्याचं पीस लिहायला वापरायचा तो काळ होता. द ग्राफनी ते कुत्र्याच्या पोटात बसवलं आणि खाली बाटली बांधली. रस आंबट असतो असा त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरला, पण पद्धत टिकली. याच द ग्राफनी पुढे, 1673 साली, डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याचं नाव लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तो व्यापारी म्हणजे अँटनी लेव्हेनहूक, घरी भिंगं घासणारा. स्वादुपिंड आणि मायक्रोस्कोप यांची ही डच सोयरीक लक्षात ठेवा.

पुढची दोनशे वर्षं सगळे त्या नळीच्या आणि रसाच्याच मागे होते. स्वादुपिंड म्हणजे पाचकरस बनवणारी ग्रंथी, एवढंच माहीत होतं. 1869 साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सशाचं स्वादुपिंड मायक्रोस्कोपखाली पाहिलं. रस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्याला मधूनमधून वेगळ्याच, फिकट पेशींचे छोटे पुंजके दिसले. त्यांना नळी नव्हती. ते कशासाठी आहेत हे मला माहीत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. 1893 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लागेस यांनी त्यांना 'लँगरहान्सची बेटं' असं नाव दिलं. मराठीत काही जण 'द्वीपिका' म्हणतात. मला 'बेटं' जास्त आवडतं. चहूकडे पाचकरसाचा समुद्र आणि मध्ये ही न मिसळणारी जमीन, हे चित्र त्या शब्दात नीट उतरतं.

आता स्ट्रासबुर्गला चला. 1889 साली तिथे ओस्कार मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड पूर्ण काढून टाकलं आणि कुत्र्याच्या लघवीत साखर आली. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे, हे तेव्हा सिद्ध झालं. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथून थेट इन्शुलिनवर जाते. पण मिंकोव्स्कींनी नंतर हाच प्रयोग बदकांवर केला, हे पुस्तकात नसतं. स्वादुपिंड काढलेल्या बदकांच्या लघवीत साखर आली नाही. कुत्र्यात जे स्पष्ट दिसलं होतं, ते पक्ष्यात गायब!

असा उलटा निकाल आला की माणसं दोनपैकी एक करतात: निकाल बाजूला ठेवतात किंवा प्रश्न बदलतात. त्या वेळी बहुतेकांनी पहिलं केलं, आणि त्यांना दोषही देता येत नाही. समोर साखरेने झिजून मरणारी मुलं होती. बदकाचं कोडं सोडवायला कोणाला वेळ होता?

मुलांचा प्रश्न सुटला टोरोंटोत. 1921 च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन मिळालं आणि तो जगला. इथून पुढे प्रश्न शास्त्राइतकाच खाटीकखान्याचाही झाला. इन्शुलिन स्वादुपिंडातून काढायचं, म्हणजे टनांनी ताजी स्वादुपिंडं हवीत, आणि ती जनावर कापल्यावर लगेच गार करायला हवीत. नाहीतर त्याच अवयवातला पाचकरस इन्शुलिनला खाऊन टाकतो.

आर्नहेमचं दुसरं कारण आता येतं. इथून आगगाडीने नाइमेखेनला गाडी बदलली की ओस नावाचं गाव येतं. तिथे साल फान झ्वानेनबेर्ख यांचा मांसाचा मोठा कारखाना होता. डुकराचं मांस विलायतेला जायचं आणि उरलेल्या अवयवांचं काय करायचं हा रोजचा प्रश्न असायचा. अ‍ॅमस्टरडॅमचे औषधशास्त्राचे प्राध्यापक एर्न्स्ट लाकूर यांना नेमके तेच अवयव हवे होते. 1923 साली दोघांनी मिळून ओसमध्ये 'ऑर्गनॉन' कंपनी काढली आणि तिचं पहिलं उत्पादन होतं इन्शुलिन. याच लाकूरच्या गटाने 1935 मध्ये बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. पुढे विलीनीकरणं होत गेली. 1969 साली ऑर्गनॉनचा समूह आणि आर्नहेमची कृत्रिम रेशीम बनवणारी जुनी कंपनी एकत्र येऊन 'अ‍ॅक्झो' उभी राहिली. तिचं मुख्यालय आर्नहेमच्या फेल्परवेख रस्त्यावर होतं. म्हणजे 1969 पासून 2007 मध्ये ऑर्गनॉन विकली जाईपर्यंत, ओसच्या संप्रेरकांचा हिशेब शेवटी या कंपनीच्या वहीत लिहिला जात होता. आपल्यापैकी जे या भागात नोकरीला आले, त्यांना हे नाव नवं नाही.

कोंबडीचं इन्शुलिन मात्र कोणी कारखान्यात काढलं नाही. एका कोंबडीच्या स्वादुपिंडाचं वजन काही ग्रॅमच, आणि त्यात इन्शुलिनही गाई-डुकराच्या मानाने फार कमी. धंद्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी होतं. पण ज्यांना 'कोणत्या पेशीत काय आहे' हे समजून घ्यायचं होतं, त्यांच्यासाठी पक्षी फार सोयीचा निघाला. कसा, ते बघा.

मायक्रोस्कोपखाली पेशी जवळजवळ पारदर्शक दिसते. ती दिसावी म्हणून रंगवावी लागते. संप्रेरक साठवणाऱ्या पेशीत बारीक कण भरलेले असतात. ते रंग पकडतात, पण सगळे कण सगळे रंग पकडत नाहीत. 1907 साली शिकागोमध्ये लेन यांनी दाखवलं की बेटातल्या पेशी दोन जातींच्या आहेत. एकीचे कण अल्कोहोल असलेल्या द्रावणात टिकतात, दुसरीचे त्यात विरघळतात पण पाण्याच्या द्रावणात टिकतात. पहिलीला ए म्हटलं, दुसरीला बी. 1931 मध्ये ब्लूम यांनी माणसात तिसरी, डी, दाखवली. 1940 च्या आसपास गोमोरी यांनी असं मिश्रण तयार केलं की बी पेशी निळ्या आणि ए पेशी तांबड्या दिसू लागल्या. आपल्याकडे कापड रंगवणाऱ्याला विचारा, तोही सांगेल: सुती धाग्यावर चढणारा रंग रेशमावर तसाच चढत नाही. पेशी ओळखणाऱ्यांनी तेच केलं, फक्त धागा दिसत नव्हता.

पण सस्तन प्राण्याच्या बेटात या सगळ्या जाती एकत्र नांदतात. उंदराच्या बेटात बी मध्ये आणि ए कडेने. माणसात तर आणखी सरमिसळ. एक जात काढून दुसरी ठेवावी म्हटलं तर हातात सुरी धरून ते शक्य नाही. पक्ष्यात निसर्गाने ही वाटणी आधीच करून ठेवली आहे. 1920 आणि 1930 च्या दशकांत जर्मन भाषेत लिहिणाऱ्या शरीररचनाशास्त्रज्ञांनी पाहिलं की पक्ष्यांत बेटं दोन प्रकारची असतात, गडद आणि फिकट. गडद बेटं मोठी, त्यांत मुख्यतः ए पेशी. फिकट बेटं लहान, त्यांत मुख्यतः बी. डी पेशी दोन्हीकडे थोड्याथोड्या. आणि गडद बेटं सगळीकडे सारखी पसरलेली नसून स्वादुपिंडाच्या ठरावीक भागांत, विशेषतः प्लीहेकडे जाणाऱ्या टोकात, जास्त असतात.

ही वाटणी कळल्यावर बदकाचं जुनं कोडं सुटायला लागलं. त्यासाठी आणखी एक धागा हवा होता. 1923 मध्येच किंबॉल आणि मर्लिन यांच्या लक्षात आलं होतं की स्वादुपिंडाचा अर्क दिल्यावर रक्तातली साखर उतरण्याआधी काही वेळ वर जाते. साखर वर नेणाऱ्या त्या पदार्थाला त्यांनी 'ग्लुकॅगॉन' म्हटलं. बराच काळ त्याकडे इन्शुलिनमधली भेसळ म्हणून पाहिलं गेलं. 1948 मध्ये सदरलंड आणि द दूव यांनी सुचवलं की ही भेसळ नव्हे, ए पेशींचं स्वतंत्र संप्रेरक आहे. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल मिळालं.

आणि मग 1950 च्या दशकात, पुन्हा त्याच स्ट्रासबुर्गमध्ये, मियाल यांनी पुन्हा बदकांचं स्वादुपिंड काढलं. या वेळी लघवीकडे न बघता रक्तातल्या साखरेकडे पाहिलं. साखर वाढली नव्हती, उलट ती कोसळत होती, आणि बदकं त्यानेच मरत होती. कुत्र्याचं स्वादुपिंड गेलं की इन्शुलिनची उणीव जाणवते. बदकाचं गेलं की आधी ग्लुकॅगॉनची उणीव जीव घेते. 1962 साली जपानमध्ये मिकामी आणि ओनो यांनी कोंबडीचा फक्त गडद बेटं असलेला भाग कापून काढला आणि तसाच परिणाम दाखवला. बी पेशींची फिकट बेटं बरीचशी जागेवर होती, तरीही साखर घसरली. ए बेटं कुठे आहेत हे रंगाने आधी ओळखलं नसतं, तर सुरी कुठे लावायची हेच कळलं नसतं.

मिंकोव्स्कींचा निकाल चुकीचा नव्हताच. कुत्र्यावरून सगळ्या प्राण्यांचा अंदाज बांधणं चुकीचं होतं. पक्ष्यांचा संसारच वेगळा. निरोगी कोंबडीच्या रक्तातली साखर सहज 200 च्या वर असते. माणसाचा असा रिपोर्ट आला तर घरात धावपळ होईल. पक्ष्याच्या स्वादुपिंडात ग्लुकॅगॉन सस्तन प्राण्यांच्या कितीतरी पट. आणि पक्ष्यांतही सगळे सारखे नाहीत. स्वादुपिंड काढलेल्या हंसाला मात्र मधुमेह होतो, बदकाचा इतका जवळचा भाऊबंद असूनही.

रंगाची मर्यादा मात्र होती. निळा रंग दिसला म्हणजे इन्शुलिन असेलच, असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. रंग कणाला लागतो, संप्रेरकाचं नाव वाचत नाही. नाव वाचणारं साधन 1941 च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅल्बर्ट कून्स यांनी शोधलं. शरीरात परकं प्रथिन गेलं की शरीर त्याच्यासाठी नेमकं बसणारं प्रतिपिंड बनवतं. त्या प्रतिपिंडाला चमकणारा रेणू जोडला आणि ते पेशींच्या छेदावर सोडलं, तर ते फक्त आपल्या ओळखीच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथेच चमकतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी पॉल लेसी यांनी याच पद्धतीने इन्शुलिन बी पेशींतच आहे हे दाखवलं.

इन्शुलिनविरुद्धचं प्रतिपिंड बनवायला गिनी पिग वापरतात, त्यामागचं कारण गमतीचं आहे. गिनी पिगचं स्वतःचं इन्शुलिन इतर सस्तन प्राण्यांपेक्षा इतकं वेगळं आहे की त्याला गाईचं किंवा डुकराचं इन्शुलिन अगदी परकं वाटतं आणि तो जोरदार प्रतिपिंडं बनवतो. कोंबडीचं इन्शुलिन माणसापासून तितकं दूर नाही. 51 अमिनो आम्लांपैकी 7 जागी फरक. ग्लुकॅगॉनमध्ये तर 29 पैकी एकाच जागी. म्हणून डुकराच्या इन्शुलिनविरुद्ध गिनी पिगने बनवलेलं प्रतिपिंड कोंबडीच्या बी पेशीलाही ओळखतं. तीन प्राण्यांची मदत घेऊन चौथ्या प्राण्याचा आजार समजून घ्यायचा, असा हा सगळा मामला.

1960 च्या दशकाच्या मध्याला चमकणाऱ्या रेणूच्या जागी एन्झाइम जोडण्याची युक्ती आली. एन्झाइम रसायनाला रंग देतं आणि साध्या मायक्रोस्कोपखाली तपकिरी डाग दिसतो. हीच कल्पना पेशीऐवजी परीक्षानळीत वापरून 1971 मध्ये ओसच्या ऑर्गनॉनमध्ये आन्टोन स्खूर्स आणि बाउके फान वेमन यांनी संप्रेरक मोजायची एन्झाइम पद्धत बसवली. त्याच वेळी स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. आज तुम्ही रक्त तपासायला देता तेव्हा ज्या 'एलायझा' चाचण्या होतात, त्यांचं एक घर इथे आर्नहेमपासून तासाभरावर आहे.

प्रतिपिंडं हाती आल्यावर पक्ष्याच्या स्वादुपिंडाने आणखी एक गोष्ट बाहेर काढली, जी कोणी शोधत नव्हतं. 1968 मध्ये अमेरिकेत किमेल आणि त्यांचे सहकारी कोंबडीचं इन्शुलिन शुद्ध करत होते. त्यात एक अनोळखी प्रथिन सतत मिसळून येत होतं, 36 अमिनो आम्लांचं. ग्लुकॅगॉनसारखीच ही 'भेसळ'. पण या वेळी माणसं शहाणी झाली होती आणि त्यांनी ती फेकली नाही. तिला 'एव्हियन पँक्रिअ‍ॅटिक पॉलिपेप्टाइड' म्हटलं. 1974 साली स्वीडनमधल्या लुंडच्या लार्सन आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंड वापरून दाखवलं की हे प्रथिन कोंबडीच्या स्वादुपिंडात एका स्वतंत्र जातीच्या पेशीत असतं. ती पेशी ए नाही, बी नाही, डी नाही, आणि तिचा बराचसा मुक्काम बेटांवर नसून पाचकरसाच्या पेशींमध्ये विखुरलेला. माणसातही अशाच पेशी निघाल्या. 1981 मध्ये लंडनला टॉम ब्लंडेल यांच्या गटाने टर्कीच्या स्वादुपिंडातल्या याच प्रथिनाची त्रिमिती रचना क्ष-किरणांनी उलगडली. पुढच्याच वर्षी डुकराच्या मेंदूतून न्यूरोपेप्टाइड वाय सापडलं, भूक चाळवणारं. ते याच कुळातलं निघालं. कोंबडीच्या आतड्याच्या वळणात सुरू झालेला शोध भुकेपर्यंत पोचला.

याच काळात एक मोठा वादही पक्ष्यानेच मिटवला. 1963 मध्ये फाल्क आणि हेलमान यांनी बेटांतल्या पेशींत अमाइन प्रकारची रसायनं असल्याचं दाखवलं. ही एरवी मज्जापेशींत आढळणारी. वाळवलेल्या पेशींवर फॉर्मल्डिहाइडची वाफ सोडली की सेरोटोनिन पिवळं चमकतं. लंडनचे एव्हरसन पिअर्स यांनी यावरून एक देखणा सिद्धान्त मांडला: ज्या अर्थी या पेशींत मज्जापेशींची रसायनं आहेत, त्या अर्थी त्या मज्जासंस्थेच्याच वंशातल्या असाव्यात आणि गर्भात तिथूनच स्थलांतर करून स्वादुपिंडात आल्या असाव्यात. तर्क पटणारा होता. बोली सारखी दिसली की आपणही विचारतो ना, 'गाव कोणतं?'

पण बोलीवरून गाव नेहमी कळत नाही. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरें यांना 1969 मध्ये एक साधी गोष्ट लक्षात आली होती. लावा पक्ष्याच्या पेशीचं केंद्रक आणि कोंबडीच्या पेशीचं केंद्रक रंगवल्यावर वेगळं दिसतं, आणि ती खूण पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत टिकते. म्हणजे कोंबडीच्या गर्भात लाव्याच्या भावी मज्जापेशी बसवल्या, तर त्या कुठेही गेल्या तरी शोधता येतात. हा प्रयोग 1970 च्या दशकात झाला. स्वादुपिंडात लाव्याच्या पेशी गेल्या खऱ्या, पण त्या तिथल्या मज्जातंतूंच्या गाठींत सापडल्या. बेटांतल्या ए आणि बी पेशी मात्र सगळ्या कोंबडीच्याच. बेटांतल्या पेशी बाहेरून आलेल्या नव्हत्या. त्या आतड्याच्या अस्तरातून, तिथल्याच मातीतून उगवलेल्या होत्या, फक्त बोलायला मज्जापेशींची बोली शिकल्या होत्या. देशांतर केलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसू येईल. पण शास्त्रासाठी त्याचा अर्थ गंभीर होता. एखादी पेशी काय साठवते, यावरून ती कुठून आली हे ठरवता येत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. आज प्रयोगशाळेत मूलपेशींपासून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी घडवताना त्यांना आधी आतड्याच्या अस्तराच्या वाटेने नेतात, त्यामागे हे ज्ञान आहे.

आता घरी, पुण्यात येऊ. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे. तिथे रमेश भोंडे यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या बेटांवर बरीच वर्षं काम केलं. 2006 साली 'पोल्ट्री सायन्स' या नियतकालिकात दातार, सूर्यवंशी आणि भोंडे यांचा एक लेख आला. विषय होता कोंबडीच्या पिल्लांच्या स्वादुपिंडातली बी बेटं. इन्शुलिन स्रवायला लावणारी औषधं तपासायची असतील, तर उंदरांच्या बेटांऐवजी ही फिकट बेटं प्रयोगशाळेत वापरता येतील का, असा त्यांचा प्रश्न, आणि ती पर्याय म्हणून चालतील असं त्यांचं उत्तर. कित्येक दशकांपूर्वी रंगाने ओळखलेली ती गडद-फिकट वाटणी पुण्यात औषधाच्या कामाला आली.

वेगळी केलेली बेटं खरंच बेटं आहेत की नुसताच पेशींचा गोळा, हे पाहण्याची जगभर एक सोपी पद्धत वापरतात. इन्शुलिन कणांत साठतं तेव्हा जस्ताच्या साथीने. डायथिझोन हे रसायन जस्ताला धरून लाल होतं. बशीत थेंब टाकला की बी पेशींची बेटं लालसर दिसू लागतात, बाकी सगळं फिकटच राहतं. इथे आपण संप्रेरक ओळखत नाही, त्याचा सोबती ओळखतो. ओळखीच्या माणसाची चप्पल दारात दिसली की तो घरात आहे हे कळतं, तसंच. म्हणूनच महत्त्वाच्या कामात डायथिझोनवर थांबत नाहीत, प्रतिपिंडानेही खात्री करतात. चप्पल दुसऱ्याची असू शकते.

हे सगळं तुम्हाला का सांगायचं? पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय बाळं जन्मतः बारीक दिसली तरी त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं. 'बारीक म्हणजे निरोगी' हे युरोपातलं माप आपल्याला बसत नाही. हॉलंडमध्येही ते दिसतं. 1873 पासून सुरिनामला नेलेल्या आणि नंतर इथे आलेल्या हिंदुस्तानी कुटुंबांत मधुमेहाचं प्रमाण डच शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. कुत्र्यावरून बदकाचा अंदाज बांधला तेव्हा जी चूक झाली, तीच चूक डच शेजाऱ्यावरून आपला अंदाज बांधताना होते. तुमचं वजन इथल्या तक्त्यात 'सामान्य' बसलं म्हणून साखर तपासायची नाही, असं करू नका. डॉक्टर आपणहून म्हणाले नाहीत तर तुम्ही विचारा. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर ते आवर्जून सांगा.

आणि इन्शुलिन घेणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर खिशात एखादी साखरेची गोळी ठेवण्याचा डॉक्टरांचा सल्ला कशासाठी असतो, ते आता वेगळ्या बाजूने दिसेल. साखर चढण्याची भीती आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. साखर कोसळण्याची भीती काय असते, ते स्ट्रासबुर्गच्या बदकांनी दाखवलं. माणसातही ए आणि बी पेशी रात्रंदिवस ओढाताण करत असतात, एक साखर वर नेते, दुसरी खाली आणते. तीव्र साखर-घसरणीत रुग्णाला ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देतात, ते म्हणजे ए पेशींचं काम बाहेरून करणं. ज्याला बराच काळ भेसळ म्हणून दूर सारलं, ते आज कित्येक घरांत इन्शुलिनच्या शेजारी ठेवलेलं असतं.